मदत हवी आहे: बरड जमिनीत वांगी, जिवाणू खतं कशी द्यावी?

यवतमाळ जिल्हा, एक एकर बरड, खाली मुरूम, ठिबक आहे. माती परीक्षणात सामू (पीएच) 8.2, सेंद्रिय कर्ब 0.28 टक्के, स्फुरद, जस्त, लोह कमी, पालाश भरपूर. रोपं पंधरा दिवसांत लावणीला येतील. अॅझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) रोपांना लावू की जमिनीत टाकू? डीएपीत (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) मिसळून चालेल का?

प्रतिसाद 1
भाऊ, दोन्हीकडे द्या, पण डीएपीत मिसळू नका. खताच्या क्षारानं जिवाणू मरतात. मधे आठवडाभर जाऊ द्या.

खरी अडचण कर्बाची आहे. जिवाणूंना खायलाच नसेल तर ते टिकत नाहीत. शेवटच्या वखरणीआधी एकरी 8 टन शेणखत पसरा, पूर्ण कुजलेलंच. आत हात घातला तर गरम लागायला नको. कच्च्या खतानं हुमणी येते, शिवाय ते कुजताना जमिनीतलं नत्र ओढलं जातं आणि रोपं पिवळी पडतात.

त्यातलं 100 किलो बाजूला काढा. दोन्ही जिवाणू 2-2 किलो मिसळून सावलीत, ओल्या गोणपाटाखाली 7 दिवस ठेवा. मुठीत दाबून गोळा झाला पाहिजे, पाणी गळायला नको. संध्याकाळी ओलीवर सरीत द्या. लावणीच्या दिवशी 10 लिटर विहिरीच्या पाण्यात दोन्ही 250-250 ग्रॅम घालून मुळं 15-20 मिनिटं बुडवा. त्याच पाण्यात बुरशीनाशक नको. पाकिटावरची मुदत बघा, उन्हात ठेवलेलं घेऊ नका.

प्रतिसाद 2
डीएपीपेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. 125 किलोत 20 किलो स्फुरद मिळतं, वर गंधकही. एकरी 40 किलो नत्र म्हणजे साधारण 87 किलो युरिया. बरड जमिनीत तो एकदम दिला तर पाण्यासोबत खाली निघून जातो, म्हणून ठिबकमधून थोडा थोडा सोडा. पालाश भरपूर आहे, तिथे पैसे वाचवा.

धागाकर्ता
दादा, शेजारच्या वावरात कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या आहेत. इथेही तसं झालं तर युरिया वाढवू का?

प्रतिसाद 2
नाही, ती लोहाची कमतरता. नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. सामू 8 च्या वर गेला की जमिनीत असलेलं लोहही मुळांना मिळत नाही, म्हणून फवारणीच करा: 10 लिटरला फेरस सल्फेट 50 ग्रॅम, सायट्रिक अॅसिड 10 ग्रॅम, संध्याकाळी, दहा दिवसांनी पुन्हा. झिंक सल्फेट एकरी 10 किलो शेणखतात मिसळून द्या. सुपर फॉस्फेटमध्ये कालवलं तर जस्त अडकून बसतं.