मदत हवी आहे: कॉलेजच्या दोन पसंती काय भरू? तातडीचं आहे

उंटावरचा_शहाणा
डिपार्टमेंट ठरलंय, गाईडशी बोलणं झालंय. आता फॉर्म म्हणतो दोन कॉलेजं निवडा. हे कॉलेज मध्येच कुठून आलं? उद्या फॉर्म बंद. "वेबसाइट वाचा" कृपया सांगू नका, वाचली.

चकलीताई
अहो, विद्यापीठ कुठलं?

उंटावरचा_शहाणा
केंब्रिज. आणखी कुठे असलं विचारतात?

कावळेकाका
ऑक्सफर्डला विचारतात, डरहॅमलाही. केंब्रिजला 31 कॉलेजं आहेत. लेक्चरं, लॅब, डिग्री विद्यापीठाची. खोली, जेवण, ट्यूटर कॉलेजचे. पदवीवाल्यांची सुपरव्हिजनही (एकदोघांना घेऊन शिकवणं) कॉलेजच बघतं. तुम्ही पदवीला की पुढे?

निवृत्त_मास्तर
रँग्लर परांजपे सेंट जॉन्सचे. 1899 साली सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आणि तसे पहिलेच भारतीय! डोळे मिटून सेंट जॉन्स भरा.

चकलीताई
मास्तर, नारळीकर फिट्झविल्यमचे. मग तिकडे का नको?

निवृत्त_मास्तर
पुढे किंग्जचे फेलो झाले ते सोयीस्कर विसरलात.

सायकलस्वार
मी गर्टनला होतो. गर्टनच भरा. शहरापासून दोन-अडीच मैल लांब म्हणून लोक नाकं मुरडतात, पण कॉलेजात पोहण्याचा तलाव आहे!

कावळेकाका
जानेवारीत पावसात सायकल मारून लॅबला जायचं, तेही सांगा की.

सडेतोड
कशाला ही भानगड? बाहेर फ्लॅट घ्या, कॉलेजचा रकाना रिकामा सोडा.

सायकलस्वार
राहा कुठेही, कॉलेजचं सदस्यत्व सक्तीचं आहे. आणि बाहेर म्हणजे कुठेही नाही. शहराच्या मध्यावरच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून पदवीवाल्यांनी 3 मैलांत राहायचं, पुढच्यांनी 10 मैलांत. सदस्यत्वाचा फायदाही आहे. मला लॅबमधल्यांपेक्षा एमसीआरमधलेच (कॉलेजातल्या पदव्युत्तरांचा कट्टा) मित्र जास्त मिळाले. डिपार्टमेंटमध्ये सगळे आपल्याच विषयाचे. कॉलेजात गाउन घालून फॉर्मलला, म्हणजे थाटाच्या जेवणाला, बसलो की शेजारी कोणी कीटकांवर काम करणारा, समोर कोणी लॅटिनवाली. (जेवणापेक्षा गप्पा बऱ्या असायच्या.)

उंटावरचा_शहाणा
पदवी?? पीएचडीला चाललोय हो. बायको बरोबर आहे, हे उघडच आहे. तलावाचं काय करू?

चकलीताई
उघड कुठून? पहिल्या पोस्टमध्ये बायको कुठे होती?

कावळेकाका
आता खरा प्रश्न कळला. जोडप्यांच्या खोल्या कमी असतात, त्यामुळे नावाजलेलं कॉलेज सोडा आणि जोडप्यांची सोय कुठे आहे ते बघा. क्लेअर हॉल फक्त पदव्युत्तरांचं आहे, तिथली मूळ इमारत कुटुंबासह येणाऱ्यांचा विचार करूनच बांधलेली. डार्विनही पदव्युत्तरांचंच, 1964 पासून. आज दोन्हीकडे मेल टाकून विचारा. पहिल्या पसंतीने नाही म्हटलं तर अर्ज दुसरीकडे जातो, तिथेही नाही जमलं तर आणखी कुठे. डिपार्टमेंटने घेतल्यावर कॉलेजविना कोणी राहत नाही.

सडेतोड
व्हिसा बघितलात का? जानेवारी 2024 पासून बायकोला नेता येत नाही.

कावळेकाका
ते लेक्चरवाल्या मास्टर्सना. पीएचडीला नेता येतं. अर्धवट बातमी वाचून लोकांना घाबरवू नका.

उंटावरचा_शहाणा
क्लेअर हॉल, डार्विन भरले. मेल टाकतोय.

निवृत्त_मास्तर
सेंट जॉन्स राहिलंच.

पालक_भाजी
लेकीला पदवीसाठी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे अर्ज करायचाय. कॉलेज कसं निवडू?

सायकलस्वार
पदवीला एका वर्षी दोन्हीकडे करता येत नाही. आधी ते ठरवा आणि वेगळा धागा काढा.