मेल आणि एक्सेलपुरता चार जीबी रॅमचा डबा कॉम्प्युटर पुरे म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या खुर्चीत बसा

फोर्टची_लेखनिक: काल इथे एकाने लिहिलं, "ऑफिसात मेल आणि एक्सेलच तर करता, ४ जीबी रॅम पुरे, बाकी चैन." डोकंच फिरलं. सकाळी मशीन चालू करून मी पाण्याची बाटली भरून आणते, तरी गोल फिरतंच असतं. जीएसटीचं टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) आमच्या खरेदीशी जुळवायला पस्तीस हजार ओळींवर व्हीलुकअप, म्हणजे एक्सेलचं शोधायचं सूत्र, लावलं की स्क्रीन पांढरी, वर "नॉट रिस्पॉन्डिंग". माउस हलवायचीही भीती वाटते. जीएसटी रिटर्नची २० तारीख डोक्यावर, आणि साहेब विचारतात, "अजून झालं नाही?" बोलणी मीच खायची?

मशीदबंदरवाला: ते मीच लिहिलंय. सात मशीनं माझ्या खिशातून घेतलीत. त्यातलं २०१६ चं अजून हिशेबाचं टॅली चालवतं. तुम्ही सूत्र थेट १०,४८,५७६ व्या ओळीपर्यंत ओढणार, क्रोमचे वीस टॅब उघडे ठेवणार, आणि दोष मशीनला!

लॅमिंग्टन_रिपेअर: दुखणं बरंचसं जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं आहे. विखुरलेलं वाचायला तिला सेकंदाला शंभर-दीडशे खेपाच जमतात, एसएसडीला (न फिरणाऱ्या चिपच्या डिस्कला) हजारो. एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाका, बाईंचं काम धावेल. पण शेठ, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तुमचं २०१६ चं त्यात बसत नाही.

मशीदबंदरवाला: बदललं तर मराठी पत्रं कशावर काढू? जुन्या फॉन्टचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय तो फॉन्ट चालत नाही ती किल्ली, प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टला आहे. नव्या मशीनला सहसा तो पोर्टच नसतो.

गिरगावकर: अजून तो फॉन्ट? कुठल्याही मशीनवर अक्षरं तीच दिसावीत म्हणून असलेल्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे! आमच्या सोसायटीचं पाण्याच्या तक्रारीचं असल्याच फॉन्टमधलं पत्र वॉर्ड ऑफिसात, जिथे तो फॉन्ट नाही, उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. महिना गेला, पाणी नाही. युनिकोडचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच फुकट मिळतो. शिका!

फोर्टची_लेखनिक: शिका म्हणे! मी मराठी टायपिंगची मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा रेमिंग्टन टाइपरायटरच्या कीबोर्डवर दिलीय. वीस वर्षांची बोटं आहेत ही, आता कुठे वळवू?

गिरगावकर: वळवू नका. रेमिंग्टन लेआउटनेही युनिकोड टाइप होतं. "शिका" म्हणालो ते चुकलंच. पण जुना फॉन्ट सोडा, एवढं मी म्हणणारच.

मशीदबंदरवाला: ठीक. अकाउंट्सच्या एका मशीनला एसएसडी लावून बघतो. नवं मशीन घेणार नाही.

फोर्टची_लेखनिक: अकाउंट्सच्याच का? तुमच्याकडे जावक सांभाळणारी कुणी असेलच ना, तिला विचारलंत?