फायबरग्लासच्या गाडीचा रंग
सॅन स्टॉर्म या दोन सीटच्या भारतीय स्पोर्ट्स गाडीचा जुना रंग रिमूव्हरने (रंग सोडवणाऱ्या रसायनाने) उतरवावा, अशी सूचना केली जाते; ती पत्र्याच्या गाडीला ठीक आहे. परंतु या गाडीची बॉडी फायबरग्लासची असल्यामुळे ते रसायन जेलकोटमध्ये (फायबरग्लासच्या बाहेरच्या गुळगुळीत थरात) मुरून आतले रेझिन (काचेचे तंतू धरून ठेवणारे प्लास्टिक) मऊ करू शकते आणि पुढे नव्या रंगाला फोड येतात. त्यापेक्षा ३२० आणि मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठोकळ्यावर ताणून हाताने घासणे बरे. दाराच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असल्यास त्यांवर नुसती पुट्टी ओढू नये, कारण त्या पुन्हा वर येतात. भेग थोडी कोरून रेझिनने भरावी. आतल्या कामाची घाई नको. साताऱ्याच्या पावसाळ्यात कार्पेटखालचा फोम ओलाच राहतो (वरून मात्र कोरडा लागतो), तेव्हा सीटकव्हर शिवायला टाकण्याआधी तो काढून वाळवावा.