मदत हवी आहे: महाकाय रोबोंच्या मोहिमेसाठी कोणती सिस्टीम घ्यावी? (नाशिक, ५ जण)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. कॉलेज रोडला दर रविवारी दुपारी आमची बैठक असते, एक जीएम (गोष्ट आणि शत्रू चालवणारा) आणि चार खेळाडू. डी अँड डी या टेबलावरच्या भूमिकांच्या खेळाची पाचवी आवृत्ती सगळ्यांना येते. आता पायलट आणि मेक (पायलट आत बसून चालवतो ते महाकाय रोबो) असलेली नवी मोहीम सुरू करायची आहे. वेळ फक्त तीन तास. दोघांना मेकचे भाग निवडून जोडण्यात रस आहे, उरलेल्या दोघांना पायलटांमधले हेवेदावे आणि जिव्हाळा हवा आहे. छापील पुस्तकं बाहेरून मागवणं महाग पडतं, पीडीएफ चालेल. लान्सर, बीम सेबर, सॅल्व्हेज युनियन आणि मेक्टन झीटा या खेळांची नावं समोर आहेत. यातलं काय घ्यावं? आणि पट-सोंगट्या नाशिकमध्ये कशा करून घ्याव्यात?

षटकोन:
आधी हे ठरवा की तीन तासांतले किती पटावर घालवायचे. रोबो सगळ्याच सिस्टीममध्ये छान आहेत, फरक पडतो तो वेळ कुठे जातो यात.

मेक्टन झीटा १९९४ची, माइक पाँडस्मिथ यांची. मेक बांधण्याचं गणित तिच्याइतकं खोल क्वचितच सापडेल. पण ते गणित जीएमला शत्रूच्या मेकसाठीही करावं लागतं आणि सगळा आठवडा त्यातच जातो. ती बाजूला ठेवा.

तुमच्या गटाला मी लान्सर सांगेन. डी२० (वीस बाजूंचा फासा) सगळ्यांच्या हातात बसलेला आहे. खेळाडूंपुरतं पुस्तक फुकट मिळतं. शत्रूंचे नियम सशुल्क प्रतीत आहेत, म्हणजे एकट्या जीएमने विकत घेतलं की भागतं. मेक जोडायला कॉम्पकॉन हे ॲप ब्राउझरमध्ये फुकट चालतं, त्यामुळे बेरजा-वजाबाक्या हाताने करायला नकोत.

डी अँड डीवाले इथे एका गोष्टीला हमखास अडखळतात. एव्हरेस्ट या सुरुवातीच्या मेकची एचपी (किती मार सोसेल तो आकडा) मुळात १०, ती शून्यावर आली की मेक संपला असं वाटतं. तसं नसतं. स्ट्रक्चर ४ असतं. एचपी संपली की एक स्ट्रक्चर जातं, एक डी६ (सहा बाजूंचा फासा) टाकून काय तुटलं ते बघायचं, एचपी पुन्हा भरते आणि उरलेला मार नव्या एचपीतून वजा होतो. दुसरं स्ट्रक्चर गेलं की दोन डी६ टाकून त्यातला लहान आकडा घ्यायचा, तिसऱ्याला तीन. म्हणजे धोका पायरीपायरीने वाढतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर खेळाडू पहिल्या फटक्यानंतर आडोशाला जाऊन बसतात आणि लढाई रेंगाळते.

अणुभट्टी:
षटकोन यांचं लान्सरबद्दलचं म्हणणं मान्य, पण त्या दुसऱ्या दोघांचं काय? लान्सरमध्ये मेकबाहेरचे नियम तुटपुंजे आहेत: डी२० टाका, १० किंवा वर आलं की जमलं. नातेसंबंधांना त्यात फारसा आधार नाही. कराकिन ट्रेड बॅरनीज या पुरवणीत बाँड्स (पायलटच्या स्वभावाचे आणि कथेचे नियम) आहेत, ते जोडले तर बरीच भर पडते.

चौघांनाही पायलटच महत्त्वाचे असते तर मी बीम सेबरच सांगितलं असतं. फक्त डी६. त्यातला सर्वांत मोठा आकडा बघायचा: ६ म्हणजे यश, ४-५ म्हणजे किंमत मोजून यश. पट लागत नाही, शत्रूचे आकडे मांडावे लागत नाहीत. मात्र जीएमला दर फाशानंतर परिणाम जागच्या जागी सुचावा लागतो. पाचव्या आवृत्तीची सवय असलेल्या जीएमला हे सुरुवातीला जड जातं.

मधला रस्ता सॅल्व्हेज युनियन. भंगार गोळा करून मेक जोडायचे आणि एका फिरत्या वस्तीत राहायचं. फासा पसंत नसला तर दोन हीट (मेकमध्ये साठणारी उष्णता) घेऊन पुन्हा टाकता येतो. मग डी२० टाकायचा, तो साठलेल्या हीटइतका किंवा कमी आला तर रिॲक्टर ओव्हरलोड. एवढ्या एका नियमावर टेबल श्वास रोखून बसतं.

गोदाकाठ:
दोघांचेही आभार. लान्सर आणि बाँड्स असं ठरवतोय. पहिली लढाई तीन तासांत संपेल अशी कशी मांडू?

षटकोन:
"सगळे शत्रू मरेपर्यंत" अशी लढाई मांडू नका, वेळ तिथेच जातो. पुस्तकातला कंट्रोल हा सिटरेप (लढाईचा तयार साचा) घ्या. जागा ताब्यात ठेवून गुण मिळवायचे आणि सहाव्या फेरीला निकाल.

चार खेळाडूंसमोर शत्रूच्या एकूण सहा पाळ्या पुरेत: दोन असॉल्ट, एक ब्रीचर आणि तीन ग्रंट (हे पुस्तकातले शत्रूंचे प्रकार). ग्रंटची एचपी १, ते पटापट पडतात आणि मारल्याचं समाधान मिळतं. विच आणि हॉर्नेट हे हॅकिंग करणारे शत्रू पहिल्या दिवशी नकोत. एव्हरेस्टची हीटची मर्यादा ६ आहे. नवखा खेळाडू ओव्हरचार्ज करून (हीट घेऊन जादा कृती करून) स्वतःच हीट वाढवतो (पहिल्यांदा १, मग डी३, मग डी६), त्यात शत्रूने हॅकिंगने भर घातली की रिॲक्टर पेटतो आणि का पेटला हे त्याला कळतही नाही. प्रत्येकासमोर हीटसाठी लाल आणि स्ट्रक्चरसाठी पांढरा डी६ ठेवा. कागदावर खाडाखोड करण्यापेक्षा हे सोपं.

पट २४ × ३६ इंचाच्या फ्लेक्सवर छापून घ्या, मॅट. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते आणि रेषा दिसत नाहीत. पटावरचा प्रत्येक षटकोन समोरासमोरच्या बाजूंमध्ये १ इंच हवा. दुकानात "ॲक्च्युअल साइज"वरच छापा असं बजावून सांगा. पानात बसवायला फाइल लहान केली की षटकोन आकसतो आणि सोंगट्या एकमेकींवर चढतात. घेण्याआधी तिथेच पट्टी लावा: बाजूला बाजू लागून ओळीने असलेले दहा षटकोन २५४ मिमी भरले पाहिजेत. वरून डायनिंग टेबलवर घालतात तो पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद टाकला की व्हाइटबोर्ड मार्करने लिहून पुसता येतं.

सोंगट्यांना हार्डवेअरच्या दुकानातून १२ एमएम बोल्टचे साधे वायसर आणा. बाहेरचा व्यास २४ मिमी असतो, एका षटकोनात नेमका बसतो, आणि वजनामुळे पंख्याच्या वाऱ्याने हलत नाही. वर गोल स्टिकर. आकार २चा मेक तीन षटकोन व्यापतो, त्याला वायसर पुरत नाही. तो फ्लेक्सवाल्याकडूनच ३ एमएम सनबोर्डवर छापून कापून घ्या.

अणुभट्टी:
एक राहिलं. चारी पायलटांचे बाँड्स लढाईच्या दिवशी निवडत बसू नका, अर्धा तास त्यातच जाईल. आदल्या रविवारी निवडा आणि त्याच बैठकीत कॉम्पकॉनवर मेकही जोडून ठेवा.