ओउलूच्या थंडीत सायकलवर पायांत काय घालावे: आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

नाशिकच्या वहिनी: सर्वांना नमस्कार. काल रात्री चिऊशी बोलणे झाले. फिनलंडमध्ये, तिच्या ओउलू गावी, पारा उणे १८ अंशांपर्यंत उतरला आहे आणि ही मुलगी अजूनही सायकलनेच कामावर जाते. कार्यालयात पोहोचल्यावर पायाची बोटे बराच वेळ बधिर होती, हे तिने सहज बोलता बोलता सांगितले, पण मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. बसच्या पासवरून मागे जे झाले ते मला पुन्हा नको आहे, म्हणून सायकल सोड असे मी म्हणणार नाही. पायांत नेमके काय घालावे एवढेच जाणत्यांनी सांगावे.

मोठी आत्या: वहिनी, मी गेल्या दिवाळीतच सांगितले होते. लोकरीचे दोन मोजे एकावर एक घालावेत, बाकी कशाची गरज नाही. मी विणून पाठवलेले जाड मोजे त्यासाठीच होते. ते वापरले जातात की नाही, हे मला आजवर कोणी कळवलेले नाही.

चिऊ: आत्या, काल मी तुझेच मोजे घातले होते, आणि तेही दोन जोड. बूट मात्र पुण्याहून आणलेले नेहमीच्याच मापाचे होते. दोन मोज्यांवर ते इतके घट्ट बसले की आत बोट हलवायलाही जागा उरली नाही.

बाळूदादा: मामी, खरे कारण तेच आहे. ऊब लोकरीच्या धाग्यापेक्षा धाग्यांमध्ये अडकून राहिलेल्या हवेतून मिळते. मोजे दाबले गेले की ती हवा निघून जाते, शिवाय रक्ताभिसरणही आवळले जाते. मी तर पुण्यात डिसेंबरच्या पहाटे सायकलिंगचे क्लीटवाले बूट (म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारी खाच-पट्टी असलेले) आणि त्यांवर निओप्रीनची, म्हणजे फोमसारख्या रबराची, आवरणे घालतो. मला कधीही त्रास झालेला नाही.

चिऊ: दादा, तुझ्या सल्ल्याबद्दल आभार, परंतु पुण्याच्या १० अंशांचा अनुभव येथे लागू पडणार नाही. क्लीटचे स्क्रू धातूचे असतात आणि ते थेट तळव्याखाली येतात, त्यामुळे पायातली उष्णता त्यांच्यावाटे पेडलमध्ये निघून जाते. ते बूट मुळातच चापून बसणारे असतात, आणि उन्हाळ्यात पाय थंड राहावेत म्हणून त्यांत जाळीही ठेवलेली असते.

बाळूदादा: आवरण घातल्यावर जाळीचा प्रश्न उरत नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण वाचण्याआधीच उत्तर लिहिण्याची या ग्रुपवर पद्धत आहे.

मोठी आत्या: लोकरीचे दोन मोजे. मी एवढेच म्हणते आहे.

डॉक्टर काकू (ठाणे): ताई, मोजे आणि बूट यांच्याइतकेच सायकलवरच्या पायाचे वागणेही समजून घ्यायला हवे. चालताना पाऊल वाकते, पोटरी आणि तळव्याचे स्नायू प्रत्येक पावलाला काम करतात. सायकलवर मांड्या काम करतात, पाऊल मात्र पेडलवर जवळजवळ स्थिर राहते, चवड्यावर एकाच ठिकाणी दाब येत राहतो आणि वारा समोरून थेट बोटांवर आदळतो. म्हणून चालताना पुरेसा उबदार वाटणारा बूट सायकलवर अपुरा पडतो. चिऊ, बोटे बधिर वाटू लागताच खाली उतर आणि पाच-दहा मिनिटे सायकल हातात धरून चाल. त्वचा पांढरट किंवा मेणासारखी दिसू लागली तर ती चोळू नकोस, हीटरवरही धरू नकोस. आत जाऊन पाय कोमट पाण्यात ठेव, आणि संवेदना परतली नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

चिऊ: काकू, नक्की. वाऱ्याचे तुम्ही म्हणता ते खरे आहे. येथील हवामानाच्या तक्त्यात उणे १० अंशांना ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे १८ अंशांसारखे लागते, असे दिले आहे. हवा अगदी स्तब्ध असली तरी सायकल स्वतःच तेवढा वारा निर्माण करते. बूट त्वचेला झाकतो हे खरे, पण त्याच्या शिवणीतून वारा आत शिरला तर झाकण्याचा उपयोग राहत नाही.

आप्पा (देवळाली): सूनबाई, काळजी करू नये. लेहला असताना आम्हांला पहिला धडा हाच मिळाला होता, की ओला मोजा हा शत्रू आहे. सुती मोजा घाम पितो आणि तो धरून ठेवतो. लोकर दमट झाली तरी थोडीबहुत ऊब देते, म्हणून आत्याचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नाही. चिऊ, रबरी बुटांचा विचार केलास का? फोन बनवण्याच्या कितीतरी आधी नोकियाच्या नावाने तुमच्या त्या देशात रबरी बूट विकले जात होते. १९६७ साली कागद, रबर आणि केबलच्या कंपन्या एकत्र झाल्या, तेव्हा ते बूटही त्याच कंपनीत आले.

चिऊ: आप्पाआजोबा, ओल्या बर्फाच्या चिखलात रबर उत्तमच. पण कडाक्याच्या कोरड्या थंडीत बाहेरून पाणी येतच नाही, ते आतून घामाच्या रूपाने येते आणि रबरातून त्याला वाट मिळत नाही. अस्तर बाहेर काढून वाळवता येत असेल तरच मी तसा बूट घेईन.

छोटू: आत्याने आता थेट सायकलसाठीच स्वेटर विणावा, असा माझा प्रस्ताव आहे.

मोठी आत्या: छोटू, मी हे मोजे डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यावर विणले आहेत. विनोदाला दुसरा विषय शोधावा.

छोटू: आत्या, क्षमा असावी. ताई, दादा परवा बॅटरीवर तापणाऱ्या इनसोलविषयी सांगत होता. त्या का घेत नाहीस?

डॉक्टर काकू: माझा त्यांना सरसकट विरोध नाही, पण बधिर पायाला चटका कळत नाही, हे लक्षात ठेवावे. ज्यांना मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांनी तर त्या वापरूच नयेत. आपल्या घरात असे दोघे आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. शिवाय थंडीत बॅटरी लवकर उतरते.

बाळूदादा: म्हणजे माझी प्रत्येक सूचना बाद. ठीक आहे. मग घ्यायचे तरी काय, हे कोणीतरी स्पष्ट लिहावे.

चिऊ: दादा, तुझी हवेची गोष्ट अगदी बरोबर होती, आणि त्यावरूनच मी ठरवले आहे. हे गाव हिवाळी सायकलिंगसाठी ओळखले जाते. त्या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली येथेच भरली होती. तरीही रोज सायकलवर येणारे माझे सहकारी सायकलिंगचे खास बूट घालत नाहीत. ते घोट्याच्या वर जाणारा साधा हिवाळी बूट नेहमीपेक्षा एक माप मोठा घेतात, आत लोकरीच्या नमद्याची जाड इनसोल घालतात आणि पेडल प्लॅस्टिकचे, रुंद आणि सपाट ठेवतात. बुटाचा तळ जाड आणि थंडीत कडक न होणारा हवा, कारण बर्फावर थांबताना पाय टेकवावा लागतो. खिळ्यांच्या तळाचे बूटही येथे सर्रास मिळतात, पण ते दुकानांच्या फरशीवर घसरतात. त्यामुळे मी खिळे सायकलच्या टायरमध्येच ठेवीन.

नाशिकच्या वहिनी: आणि मोजे?

चिऊ: आत एक पातळ मेरिनोचा, म्हणजे मऊ मेंढी-लोकरीचा, आणि वर आत्याचा जाड. आत्या, तुझा एकच जोड पुरे, दुसरा कार्यालयात ठेवीन. तेथे पोहोचल्यावर मोजे बदलले की दिवसभराच्या घामात पाय भिजत राहणार नाही. मी उद्या संध्याकाळी दुकानात जाताना तेच दोन मोजे घालून जाईन आणि बोटे मोकळी हलतात का ते पाहूनच माप ठरवीन. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, म्हणून ती वेळ योग्य.

मोठी आत्या: एकच जोड पुरे असेल तर मला काही म्हणायचे नाही. मात्र लोकरीवर लोकर घातली म्हणजे दोन मोजे झालेच, हे सर्वांनी लक्षात घ्यावे.

आप्पा: घरी आल्यावर इनसोल काढून वेगळी वाळव आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भर. बूट हीटरला टेकवून ठेवू नकोस, चामडे तडकते आणि तळाचा गोंद सुटतो.

बाळूदादा: पोटऱ्याही झाकाव्यात. नडगीवर पातळ पँट असेल तर पावलाकडे जाणारे रक्त वाटेतच थंड होते. हे तरी कोणी बाद करू नये.

डॉक्टर काकू: बाळू, हे अगदी योग्य आहे. चिऊ, नवे बूट पायात येईपर्यंत उणे १५ च्या खाली पारा गेला तर बसने जावे, असे मी आग्रहाने सांगते.

नाशिकच्या वहिनी: पासचे पैसे मी आजच पाठवते. यावर कृपया चर्चा नको.

चिऊ: आई, परवापर्यंत उणे १७ सांगितले आहे, तेव्हा दोन दिवस बसनेच जाईन. पैसे मात्र पाठवू नकोस.