डीएस लाइटवर स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवायचाय, फ्लॅशकार्ट कुठलं घेऊ?

अर्धवट_कोडर:
नमस्कार मंडळी. मामेभावाने अमेरिकेतून येताना त्याचा जुना निन्टेन्डो डीएस लाइट (हातात धरायचं दोन स्क्रीनचं गेमिंग मशीन) आणून दिलाय, चालू आहे आणि बिजागरी पण शाबूत आहे. गेम्सचं मला फारसं वेड नाही, पण पोरगी पाच वर्षांची आहे आणि खालचा टच स्क्रीन बघून डोक्यात आलं की वर अक्षर दाखवायचं आणि खाली स्टायलसने गिरवायला द्यायचं, असं काहीतरी आपणच लिहावं. सी येतं मला, डेव्हकिटप्रो (डीएसचे प्रोग्रॅम बनवायची टूल्स) टाकून झालं, डॉट एनडीएस फाइल पण तयार होतेय, पण ती मशीनमध्ये घालायची कशी? याला एसडी कार्डाचा स्लॉटच नाहीये. ऑनलाइन बघितलं तर आर४ नावाची ढीगभर फ्लॅशकार्टं (गेमच्या जागी बसणारी, मायक्रोएसडी घेणारी कार्डं), सगळी सारखीच दिसतात, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे. कुठलं घ्यावं? आणि हे कायद्यात बसतं का?

पिक्सेलपंत:
सगळी सारखी दिसतात कारण मूळ आर४ कधीच बंद झालं, आता मिळतात ते सगळे क्लोन, म्हणजे नकला. मूळ आर४ तर २ जीबीच्या वरचं मायक्रोएसडी घेतच नव्हतं, त्यामुळे कोणी जुनं "ओरिजिनल" म्हणून महाग विकत असेल तर हुरळून जाऊ नका, एसडीएचसी (म्हणजे २ जीबीच्या वरचं मायक्रोएसडी चालणारं) लिहिलेलं साधं क्लोन तुमच्या कामाला पुरेल.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. कार्ड स्लॉट-१ मध्ये, म्हणजे डीएसच्या गेमच्या खाचेत बसतं आणि डीएसला भासवतं की मी एक गेम आहे, मग त्याचा स्वतःचा मेनू चालू होतो आणि तो मायक्रोएसडीवरच्या फाइली दाखवतो. आता तुमच्या प्रोग्रॅमला एसडीवरून काही वाचायचं असेल तर प्रत्येक कार्डाचं हार्डवेअर वेगळं, मग प्रोग्रॅमला कसं कळणार कुठलं कार्ड आहे? त्यासाठी डीएलडीआय नावाची भानगड आहे, म्हणजे त्या कार्डाचा छोटा ड्रायव्हर तुमच्या फाइलमध्ये चिकटवला जातो. बरीचशी कार्डं हे चालू करतानाच आपोआप करतात, नाही केलं तर पीसीवर पॅच करता येतं.

मायक्रोएसडी ३२ जीबी किंवा कमीच घ्या, फॅट३२ फॉरमॅट, ३२ केबी क्लस्टर. मोठी कार्डं एक्सफॅटमध्ये येतात आणि मग मेनूच उघडत नाही, लोक बिचाऱ्या फ्लॅशकार्टला शिव्या घालत बसतात.

अजून एक गंमत, काही क्लोनच्या कर्नलमध्ये (कार्डाचा मेनू चालवणारं सॉफ्टवेअर) मुद्दाम टाइमबॉम्ब घातलेला असतो, ठरावीक तारीख उलटली की मेनू हटून बसतो. डीएसच्या सेटिंगमध्ये वर्ष मागे केलं की तात्पुरतं चालतं. कायमचा इलाज म्हणजे दुसरा कर्नल टाकणे, किंवा कार्डाला सपोर्ट असेल तर ट्वायलाइट मेनू हा पर्यायी मेनू.

लॅमिंग्टन_रोडचा_राजा:
बाकी सगळं नंतर, आधी चार्जर बघा!! भावाने अमेरिकेतला चार्जर दिला असेल तर तो फक्त १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर लावला की धूर. डीएस लाइटची यूएसबी चार्जिंग केबल मिळते स्वस्तात, ती मोबाइलच्या साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला लावा.

सदाशिवपेठी_सर्किट:
कायद्याचं मी सांगतो कारण यावर नेहमी अर्धवट बोललं जातं. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःच्या मशीनवर चालवणं आणि नेटवरून फुकट गेम उतरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण कार्ड एकच. म्हणूनच निन्टेन्डो या कार्डांच्या मागे लागली. जपानमध्ये २००९ साली टोकियोच्या कोर्टाने विक्री थांबवायला सांगितली, २०१० मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टानेही विक्रेत्याच्या विरोधातच निकाल दिला, आणि तिथे होमब्रूचा (हौशी लोकांनी स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम) बचाव मांडला होता तो चालला नाही. म्हणजे "मी तर फक्त होमब्रूसाठी विकतो" हे दुकानदाराने म्हणून भागत नाही. तुमची डॉट एनडीएस मात्र तुमचीच, तिच्यावर कोणाचा हक्क नाही. मी वकील नाही, हे आपलं वाचून.

पिक्सेलपंत:
+१. आणि डीएसआय (डीएसचंच पुढचं मॉडेल) असता तर कार्डाची गरजच नव्हती, त्याला एसडी स्लॉट आहे आणि कॅमेरा ॲपमधल्या मेमरी पिट या पळवाटेने होमब्रू सुरू होतं.

अर्धवट_कोडर:
चार्जरचं वाचलो, अजून डब्यातच होता 🙏 कार्ड मागवतो. पण आता दुसरं लफडं, स्क्रीनवर "क" प्रिंट करायला गेलो तर कचरा येतोय.

झिलमिल:
येणारच, लिबएनडीएसच्या (डेव्हकिटप्रोमधली डीएसची लायब्ररी) मजकूर छापायच्या कन्सोलला ८ बाय ८ चा साधा इंग्रजी फॉन्ट असतो. देवनागरी त्यात भरायला जाल तर वेलांटी आधी काढायची, जोडाक्षरं जुळवायची, रफार उचलून वर ठेवायचा, सगळं स्वतः लिहावं लागेल. त्या वाटेला जाऊच नका. पीसीवर चांगल्या फॉन्टमध्ये अक्षरांची चित्रं बनवा आणि ग्रिट हे टूल वापरून डीएसच्या फॉरमॅटमध्ये बदला, डेव्हकिटप्रोबरोबरच येतं ते.

फक्त हिशोब करा. स्क्रीन २५६ बाय १९२, १६ बिटचं पूर्ण चित्र म्हणजे ९६ केबी, ४८ अक्षरं धरली की साडेचार एमबी, आणि डीएसची मेन रॅमच ४ एमबी. ८ बिट पॅलेटमध्ये (२५६ रंगांची यादी) केलं तर निम्मं, सव्वादोन एमबी, बसतं आरामात. बाराखडी घ्यायची म्हटली तर तेही पुरणार नाही, मग नायट्रोएफएसमध्ये (डॉट एनडीएसच्या आतच फाइली ठेवायची सोय) ठेवून एकेक वाचा. पण काही कार्डांचा मूळ मेनू प्रोग्रॅमला त्याच्या फाइलचा पत्ता देत नाही आणि नायट्रोएफएस उघडत नाही, अशा वेळी आधी एचबीमेनू (होमब्रू चालवायचा मेनू) चालवायचा आणि त्यातून आपली फाइल.

कार्ड येईपर्यंत पीसीवर मेलनडीएस या डीएस एम्युलेटरवर चालवून बघा. माउसने गिरवणं फालतू वाटतं पण बग तिथेच सापडतात. फक्त रेघ किती जाड ठेवायची ते खऱ्या मशीनवरच ठरवा, लहान मुलं स्टायलस फार दाबतात.