अनुभव धागा: सत्तावीस वर्षं गाडी चालवल्यावर कंपनीच्या ड्रायव्हिंग स्कूलला जावं का?

धागाकर्ता, वर्धा रोड

मागच्या महिन्यात गाडी बदलली. जर्मन कंपनीची, पेट्रोल, गरजेपेक्षा जास्त ताकदीची. आता डीलरकडून आमंत्रण आलंय: ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर (मोटार शर्यतींचा ट्रॅक) कंपनीचं एक दिवसाचं परफॉर्मन्स ड्रायव्हिंग स्कूल. गाडी त्यांची, टायर त्यांचे, पेट्रोल त्यांचं. फी आपली, आणि ती एवढी की तेवढ्यात माझ्या गाडीला चारही टायर नवे येतात. विमान आणि हॉटेल वेगळं.

घरी विषय काढला तर बायको म्हणाली, "सत्तावीस वर्षं चालवताय, आता काय ट्रॅफिक पार्कात जाता का?" (नागपूरबाहेरच्यांसाठी: धरमपेठेत या नावाची लहान मुलांची बाग आहे.)

मोठा अपघात एकही नाही. पण दिवाळीत समृद्धीवर १२० ला जाताना पुढच्या ट्रकने एकदम लेन बदलली, माझा पाय ब्रेकवर गेला, आणि त्यानंतरचे दोन-तीन सेकंद मला आठवतच नाहीत. गाडी थांबली एवढं खरं. मी थांबवली की तिची तीच थांबली, ते कळलं नाही. तेव्हापासून डोक्यात आहे.

ज्यांनी असं स्कूल केलंय त्यांनी लिहा. ज्यांनी ठरवून केलं नाही त्यांनीही लिहा. "पैसा जास्त झालाय का" हा प्रतिसाद घरी मिळालेला आहे, तो पुन्हा नको.

भूलवाली डॉक्टर, रामदासपेठ

मी दोन वर्षांपूर्वी केलं, त्याच सर्किटवर. आमंत्रण नवऱ्याच्या नावाचं होतं, त्याला सुट्टी मिळेना, मग मी गेले. बावीस वर्षं चालवते, निम्मी ड्रायव्हिंग रात्री दोनच्या इमर्जन्सीची.

पहिला पाऊण तास गाडी सुरूच केली नाही. नुसती सीट. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाठ टेकलेली असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर यायला हवं. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. इन्स्ट्रक्टर माझ्या दाराशी आला, बघितलं, आणि काही न बोलता सीट चार खाचा पुढे घेतली. मी इतकी वर्षं गाडीत आरामखुर्चीसारखी बसत होते. आपण ऐटीत बसतो ना, एक हात गिअरवर, पाय लांब? तसं बसून ब्रेक पूर्ण दाबताच येत नाही. पाय पोचतो, जोर पोचत नाही.

मग ब्रेक. दोन कोनांच्या (रस्त्यावर ठेवतात ते प्लास्टिकचे शंकू) मधून गेलं की पेडल मोडायचंय असं समजून दाबा, म्हणाले. मी दाबला. वॉकीटॉकीवर आवाज आला, "मॅडम, ये तो सिग्नल पे रुकने वाला ब्रेक है." दुसऱ्यांदा जोरात दाबला, तर पेडल पायाखाली थरथरायला लागलं, खडखड आवाज आला, आणि मी घाबरून पाय काढला! थरथर म्हणजे एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) काम करतंय, नेमका तेव्हाच पाय रोवून ठेवायचा असतो. मला हे वाचून माहीत होतं. पायाला माहीत नव्हतं. माझ्या बाबांनी मला ॲम्बेसेडरवर शिकवलं: ब्रेक थोडा दाब, सोड, पुन्हा दाब, नाहीतर चाकं लॉक होतील. त्या गाडीसाठी ते बरोबरच होतं. आपल्याकडे २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, पण पाय अजून ॲम्बेसेडरमध्येच. पाचव्या खेपेला जमलं. धागाकर्ते, तुमच्या त्या हरवलेल्या सेकंदांचं उत्तर मला वाटतं इथेच आहे.

अजून एक. ६० च्या वेगाने ब्रेक मारून गाडी जिथे थांबली तिथे कोन ठेवला, साधारण १८ मीटर. मग विचारलं, १२० ला कुठे थांबेल? आमच्या गटातल्या सगळ्यांनी त्याच्या दुप्पट अंतर दाखवलं. गाडी ७० च्या आसपास थांबली. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं, हे आपण अकरावीच्या फिजिक्समध्ये शिकलोय हो, पण पहिल्या कोनापासून गाडी थांबली तिथपर्यंत चालत गेले तेव्हा पोटात गोळा आला. त्यातही आपल्याला ब्रेक मारायचाय हे आधीच ठाऊक होतं. रस्त्यावर ते कळायला एक सेकंद लागतो, आणि १२० ला एक सेकंद म्हणजे ३३ मीटर.

दुपारी ट्रॅकवर फेऱ्या. पुढे इन्स्ट्रक्टरची गाडी, मागे आम्ही बदकाच्या पिल्लांसारखे. ५.१२५ किलोमीटर, १६ वळणं, तिसऱ्या वळणाकडे चांगलाच चढ, आणि त्यानंतर किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा. इथे २०११ ते २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तिन्ही व्हेटेलने जिंकल्या. मजा प्रचंड आली. पण कामाचं जे होतं ते जेवणाआधीच झालं होतं.

टर्बोवाला, मनीषनगर

डॉक्टरांना चांगलं मिळालं. माझं ऐका. कंपनी वेगळी, नाव घेत नाही. सकाळी साडेआठला बोलावलं. चहा, ब्रीफिंग, सह्या, फोटो. एका गाडीत तिघं, पाळीपाळीने. दिवसभरात स्टिअरिंग माझ्या हातात किती वेळ होतं ते मी मोजलं: ३५ मिनिटं. उरलेला वेळ बुफे आणि वरच्या मॉडेलचं कौतुक. ब्रेकचा सराव प्रत्येकी दोनदा, आणि चुकलं काय ते सांगायला कोणी नाही, कारण मागे रांग. विमानतळावर उतरतो तर सेल्सवाल्याचा फोन, "सर, कैसा लगा? एक्स्चेंज में अच्छा ऑफर है." त्याला काय सांगू, सर्टिफिकेटवर माझं नावही चुकलं होतं.

जायच्या आधी हे विचारा: एका गाडीत किती जण, आणि ब्रेकचा व लेन बदलायचा सराव प्रत्येकी किती वेळा. "ते तिथे गेल्यावर कळेल" असं उत्तर आलं तर टायर घ्या भाऊ, टायर.

निवृत्त मास्तर, लक्ष्मीनगर

मी संख्याशास्त्र शिकवायचो. मुलाने साठीची भेट म्हणून असा कोर्स करवला. आवडला. त्यानंतरचा महिनाभर मी वर्ध्याला जाताना नेहमीपेक्षा दहा-पंधराने जास्त वेगात होतो. मला ते जाणवलंच नाही. शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी तिसऱ्या खेपेला हिशेब काढून दाखवला. "तुम्हाला गाडी शिकवली की पळायला शिकवलं?"

मग खोड म्हणून वाचत बसलो. नॉर्वेने १९७९ पासून नवशिक्यांना निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. पुढे अपघातांचे आकडे तपासले, तर तरुण मुलग्यांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात घटण्याऐवजी वाढलेले निघाले. गाडी सावरता येते असं वाटलं की माणूस गाडी घसरेल इथपर्यंत जातो. स्वीडनमधला एक प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. शिकाऊ मुलांचे दोन गट. एकाला ब्रेक मारून चुकवायचं कौशल्य शिकवलं, दुसऱ्याला तेच करताना हाताबाहेर कसं जातं एवढंच दाखवलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर दोन्ही गट सारखेच. फरक एकच, पहिल्या गटाला आपण जास्त हुशार झालो असं वाटत होतं.

हे सगळं नवशिक्यांबद्दलचं आहे, जुन्या खोडांना जसंच्या तसं लागू करू नये. पण साठीतला मी त्या पहिल्या गटात सापडलो, हे नमूद करतो. डॉक्टरांना जो गोळा आला तो पोटात घेऊन परतलात तर फी वसूल. छाती फुगवून परतलात तर न गेलेलं बरं.

ट्रॅव्हल्सवाले काका, कामठी रोड

मी काही स्कूल-बिल केलं नाही बाप्पा. चौतीस वर्षं झाले गाडीवर, सात गाड्या आहे आपल्या. तुमचं वाचून राहिलो दोन दिवसापासून. एक सांगा, समृद्धीवर वळणच नाही तं तो वळणाचा क्लास काय कामाचा? तिथं माणूस झोपून मरते. सरळ रस्ता, सरळ रस्ता, डोळे उघडे अन् डोकं बंद. माझ्या पोट्ट्यांना मी सांगून ठेवलं आहे, दीड तास झाला की उतरायचं, तोंड धुवायचं. सवारी बोंबलली तं बोंबलू द्या.

दुसरं टायर. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर जाते. हवा पहाटे थंड टायरमध्ये पाहायची. दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून काही जण काढून टाकते, तेच टायर पुढं अजून तापून फुटते.

तिसरं, जबलपूर रोडले देवलापारच्या पुढं रात्री रोही (नीलगाय) आडवी आली होती, चार लेन व्हायच्या आधीची गोष्ट. मी सरळ ब्रेक मारला, स्टिअरिंग हलवलंच नाही. बॉनेट गेलं, काच गेली, सवारीले खरोंच नाही. त्याच वर्षी माझ्या ओळखीच्याचा पोरगा रोही चुकवाले गेला अन् गाडी उलटली. अन् तुमच्या त्या स्कूलात कोन चुकवाले शिकवते म्हणे.

भूलवाली डॉक्टर, रामदासपेठ

काका, तुमचंच ते सांगत होते. आधी ब्रेक, पूर्ण. वेग उतरला आणि जायला मोकळी जागा दिसली तरच वळवायचं, आणि तेही हलक्या हाताने. उंच गाडीत तर आणखी जपून. ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळते, हा एबीएसचा खरा फायदा; पण म्हणून वळवलीच पाहिजे असं नाही. कोन चुकवायचा सराव नजरेसाठी होता. मी पहिल्या तिन्ही वेळा कोनाकडे बघितलं आणि कोनच उडवला. बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघितलं तेव्हा निघाले. रोहीचं तुमचं बरोबर आहे. पण रोहीच्या जागी सायकलवरचा मुलगा असेल तर?

ट्रॅव्हल्सवाले काका, कामठी रोड

हे मात्र बरोबर आहे बाई तुमचं.

थारवाला, हिंगणा

ट्रॅकवर नाही गेलो, पण इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफ-रोड ट्रेनिंग अकॅडमी आहे तिथे गेलो होतो. कंपनीचंच, फक्त चिखलातलं. पंधरा वर्षांच्या अनुभवाचा उपयोग शून्य, उलट अडचण. चढावर गाडी बंद पडली की मी क्लच दाबून स्टार्टर मारायला जायचो, म्हणजे थेट मागे घरंगळणार. तिथे शिकलो: ब्रेक धरून ठेव, रिव्हर्स टाक, सरळ रेषेत इंजिनच्या जोरावर खाली ये, चढावर वळायचा विचारही नको. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, दगडाला चाक लागलं की स्टिअरिंग झटका देतं. चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात यातलं बरंच वापरलं. मला तरी पैसे पुरेपूर वसूल.

लेआउटवाली, बेसा

फुकटातला उपाय. आमच्याकडे प्लॉट पाडलेले, रस्ते झालेले आणि घर एकही नाही असे लेआउट भरपूर. त्यातला एक भावाच्या मित्राचा. त्याला विचारून रविवारी सकाळी सहाला गेलो. दोन्ही टोकांना माणूस उभा, कुत्रीसुद्धा हाकलली. डॉक्टरांनी लिहिलं तसं ४० ला पूर्ण ब्रेक, मग ५० ला. पहिल्यांदा माझाही पाय सुटला. सासूबाई मागे बसल्या होत्या, सीटबेल्ट लावून, हट्टाने. सहाव्या वेळेला म्हणाल्या, "आता थांबली बघ नीट." १०० च्या वेगाचं काही कळलं नाही, मान्य. पण थरथर म्हणजे काय ते पायाला कळलं, आणि परत येताना तर्री पोहे.

पॉलिसीवाले, सीताबर्डी

कोणी स्वतःची गाडी घेऊन ट्रॅकवर जायच्या विचारात असेल तर: तुमच्या मोटार पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी यासाठी केलेला वापर वगळलेला असतो. तिथे ठोकली तर खिशातून. स्कूलच्या गाडीत तो धोका कमी, पण सह्या करायच्या कागदावर नुकसानीचा किती भाग तुमच्यावर आहे ते वाचून घ्या. आणि इकडे आउटर रिंग रोडवर कोणी "सराव" करू नका. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय वेगाची परीक्षा घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ चा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

धागाकर्ता, वर्धा रोड

सगळ्यांचे आभार. टर्बोवाल्यांचे दोन प्रश्न डीलरला विचारले. गाडीत दोघं, आणि ब्रेकचा सराव प्रत्येकी निदान पाच वेळा, असं त्याने मेलवर लिहून दिलंय. जातोय. त्याआधी टायरवाल्याकडेही गेलो, मागचे दोन झिजलेले होते, ते बदलले. बायकोचं म्हणणं, दोन्हीकडचा खर्च करायचाच होता तर धागा कशाला काढला?

आज सकाळी शिवमडक्याकडे (समृद्धी तिथून सुरू होतो) निघताना मनगटाचा हिशेब करून सीट पुढे घेतली. मनगट बरोबर माथ्यावर येतंय, पण आता गुडघा खालून स्टिअरिंगला लागतोय. उंची सहा फूट. यावर काय करायचं?

भूलवाली डॉक्टर, रामदासपेठ

सीट एक खाच मागे, पाठ थोडी उभी करा, आणि स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला लिव्हर असतं ते सोडून स्टिअरिंग स्वतःकडे ओढा आणि थोडं वर घ्या. सत्तावीस वर्षांत त्या लिव्हरला हात लावलाय का कधी?

धागाकर्ता, वर्धा रोड

नाही. आहे खरं. आत्ता पार्किंगमध्ये जाऊन बघून आलो.